राजकन्यांचा खण

ओलीता केचरच्या टेबलाला चार खण होते. वरच्यात पेन्सिली आणि डोकेदुखीच्या गोळ्या, दुसऱ्यात कोरे अर्ज, तिसऱ्यात एक हिरवी फाईल, आणि सगळ्यांत खाली, बसताना हमखास गुडघ्याला लागणारा, राजकन्यांचा खण.

राजकन्या म्हणजे काय हे ओक्लाहोमातल्या टालेक्वात कुणाला सांगावं लागत नाही. अख्ख्या अमेरिकेतून आमच्या वंशावळीच्या खोलीत पत्रं येतात आणि त्यांतल्या निम्म्यांची पहिली ओळ ठरलेली असते: 'माझी पणजी चेरोकी राजकन्या होती.' दर वेळी पणजीच. पणजोबा कधी चेरोकी नसतो, तो बिचारा आयर्लंडहून आलेला असतो. पणजीचे केस काळे आणि कमरेपर्यंत लांब, गालाची हाडं वर आलेली, आणि ती घोड्यावर बसायची. पुरावा काय, तर आजीचेही गाल तसेच होते. आता आमच्या चेरोकी लोकांत राजा कधी नव्हताच. जिथं राजा नाही तिथं राजकन्या काय मक्याच्या कणसातून निघाली? पण टपालवाला रोज दोन-तीन आणून टाकायचाच.

ओलीताचं काम तसं सरळ होतं. शंभर वर्षांपूर्वी सरकारनं आमच्या जमिनी तुकडे करून वाटल्या. त्याआधी त्यांची माणसं गावोगाव बसली आणि आमच्या माणसांची यादी केली. त्या यादीत तुमच्या घराण्यातलं कुणी असलं, आणि त्याच्यापासून तुमच्यापर्यंत जन्माचे दाखले जोडता आले, तर तुम्ही आमचे. नाही जोडता आले, तर तुमच्या गालाची हाडं आभाळाला टेकली तरी उपयोग नाही. हे ती समोर आलेल्या माणसाला शांतपणे सांगायची. लोक रडायचे, भांडायचे, एकानं तर पणजीचा फोटो टेबलावर आपटून काच फोडली होती. पत्रानं विचारणाऱ्यांसाठी छापील उत्तर होतं. 'आपण कळवलेल्या नावांची नोंद आमच्या यादीत आढळली नाही. आपल्या शोधाला शुभेच्छा.' खाली सही, ओ. केचर.

"पहिल्या ओळीत कळतं," ती ट्रूडीला सांगायची. ट्रूडी ब्लॅकफॉक्स तिच्या हाताखाली नवीन आली तेव्हा एकेक पत्र अर्धा-अर्धा तास वाचत बसायची. "राजकन्या दिसली की थांबायचं. छापील उत्तर घाल, पत्र खणात टाक. नाहीतर म्हातारी होशील इथं बसून."

"तू झालीसच की, मावशी," ट्रूडी म्हणायची.

"म्हणून तर सांगते."

पण ओलीता कामचुकार होती असं कुणी म्हणू नये. तिसऱ्या खणातली हिरवी फाईल उघडून बघा. त्यात दत्तक गेलेल्यांची पत्रं असायची. एके काळी सरकारी माणसं आमची पोरं अशीच उचलून नेत. दवाखान्यातून, शाळेतून, आजीच्या अंगणातून न्यायची आणि लांबच्या गोऱ्या घरांत द्यायची. ती पोरं मोठी होऊन विचारायला लागली, 'मी दत्तक आहे, माझा जन्म अमुक साली, मला कुणी ओळखतं का?' ती पत्रं ओलीता तीन-तीनदा वाचायची. जेवणाच्या सुट्टीत, घरी जाऊन, रविवारी चर्चमधून आल्यावर. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना फोन लावायची, जुने फोटो मागवायची. पंचवीस वर्षांत तिनं सतरा जणांना त्यांच्या घरी पोचवलं. सतरावा जेव्हा आईच्या दारात उभा राहिला तेव्हा ओलीता गाडीत बसून राहिली. उतरलीच नाही. तिला तेव्हा आनंद झाला नव्हता, खरं सांगायचं तर जळफळाट झाला होता.

कारण ती त्या खुर्चीवर बसली होती अठराव्यासाठी. खरं तर पहिलीसाठी.

ओलीताची थोरली बहीण झेल्मा. १९५८ साली झेल्मा एकोणीस वर्षांची, ओलीता पंधराची. आई क्षयानं दूरच्या इस्पितळात पडलेली, बाप गव्हाच्या कापणीला कॅन्ससला गेलेला. झेल्माला दिवस गेले होते आणि ज्यानं ते दिले तो सैन्यात गेला तो तिकडचाच झाला. ऑक्टोबरात मुलगी झाली. झेल्मानं आजीच्या नावावरून तिचं नाव नेली ठेवलं. ओलीतानं तिला एकदाच घेतलं, खिडकीपासून खाटेपर्यंत. काळं जावळ भरपूर होतं, मुठी घट्ट मिटलेल्या होत्या.

मग कल्याणखात्याची एक बाई आली. टोपी, हातमोजे, गोड बोलणं. म्हणाली, पोरी, तू एकटी, आई आजारी, आई बरी होईपर्यंत बाळ आमच्याकडं तात्पुरतं राहू दे, इथं सही कर. झेल्माला इंग्रजी बेताचंच यायचं. 'तात्पुरतं' एवढा शब्द मात्र तिला नीट कळला, आणि तिनं सही केली. बाळ रविवारी न्यायचं ठरलं होतं. झेल्मा बाळाबरोबर द्यायला एक टोपली विणत होती, मुठीएवढी. आमच्याकडं बकब्रश नावाचं झुडूप असतं. त्याच्या जमिनीवर पसरणाऱ्या वेली उकळून, सोलून त्यांच्या टोपल्या विणतात. वीण झाली होती, मधला एक वेढा अक्रोडाच्या सालीनं काळा रंगवला होता, फक्त काठ वळायचा राहिला होता. तो ती शनिवारी रात्री वळणार होती. बाई शनिवारी सकाळीच आली. झेल्मानं टोपली तशीच दुपट्यात खोचली, वर काड्या उभ्या होत्या तशाच.

आई वर्षभरानं बरी होऊन आली. झेल्मा बाळाला आणायला गेली तर कचेरीतला माणूस म्हणाला, कसलं बाळ? कोर्टानं कागद बंद केलेत. बंद म्हणजे मोहोर मारून बंद. पुढं ओलीता मोठी झाली, शिकली, तिनं कोर्टाला सात वेळा लिहिलं. सातही वेळा तेच उत्तर आलं. मग १९७९ साली वंशावळीच्या खोलीत जागा निघाली आणि ओलीतानं चांगली बँकेतली नोकरी सोडली. लोकांना वाटलं, बाईला वेड लागलं. पण तिचा हिशेब साधा होता. आपल्याला पोरीपर्यंत जाता येत नाही, पण पोर कधीतरी विचारत येईलच. आली तर या टेबलावरूनच जाईल. तिथं आपण बसलेलं असायचं, डोळ्यांत तेल घालून.

झेल्मानं नंतर लग्न केलं नाही. टोपल्या विणायची, नदीकाठच्या त्याच घरात राहायची. पुढं तिला साखर लागली, मग मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं. शुक्रवार मोकळा. शुक्रवारी ओलीता कामावरून थेट तिच्याकडं जेवायला जायची, पंचवीस वर्षं, एक शुक्रवार न चुकता. घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी, असला तर डुकराच्या मांसाचा तुकडा. ओलीता दारात बूट काढायची आणि चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली झेल्मा मागं न वळता विचारायची, "आलं का काही?"

"नाही, ताई."

"बरं. बस, गरम आहे तोवर खा."

एवढंच. पुढं पाऊस, शेजाऱ्यांची कुत्री, चर्चमधली भांडणं. त्या विषयावर पुन्हा अक्षर निघायचं नाही. पण विचारलं नाही असा शुक्रवार गेला नाही.

अलीकडं झेल्मा फार उतरली होती. डॉक्टरनं ओलीताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही पुढचा हिवाळा बघेल असं मला वाटत नाही. ओलीताही एकसष्ट वर्षांची झाली होती. म्हणून तिनं ठरवलं, आता पुरे, उरलेले दिवस ताईजवळ राहायचं. टेबल ट्रूडीकडं द्यायचं, हिरवी फाईलही. ट्रूडीला तिनं सगळं सांगून ठेवलं होतं: १९५८, ऑक्टोबर, टोपली, काठ, डावखुरी वीण. झेल्मा डावखुरी होती, तिच्या टोपल्यांचा वेढा उलटा फिरायचा, आमच्याकडं ती टोपली कुणीही शंभरात ओळखेल.

निरोपाचा दिवस मार्चमधला, गुरुवार होता. मार्चमध्ये रानकांदे येतात, तेव्हा अंड्यांत परतलेले रानकांदे आलेच. शिवाय घेवडा घातलेले मक्याचे उंडे, द्राक्षाच्या रसात शिजवलेले गोळे, कुणीतरी बाजारातून आणलेला केक. कचेरीची माणसं, वरच्या मजल्यावरचे दोन साहेब, ग्रंथालयातल्या बायका. आणि आमच्या खोलीची जुनी पद्धत अशी की कुणी निवृत्त झालं की त्याच्या खणातल्या निवडक राजकन्या मोठ्यानं वाचायच्या, आणि जाणाऱ्यानं त्यांतली एक पट्टराणी निवडायची. त्यासाठी जाणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट घालतात. ओलीताच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट होता, जरा कानावर घसरलेला.

ट्रूडीला वाचायची हातोटी होती. एका पत्रातली पणजी अस्वलाशी कुस्ती खेळली होती. दुसरीनं सैन्याच्या सेनापतीला नाकारलं होतं. तिसऱ्या पत्रातल्या माणसानं लिहिलं होतं की त्याला आपोआप ढोल वाजवता येतो, तेव्हा कागदपत्रं मागू नयेत. माणसं हसून हसून बेजार झाली. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मावशी, ही तुझी लाडकी दिसतेय," ट्रूडीनं एक पत्र उचललं. त्याला चिठ्ठी टाचलेली होती. "अक्षर तुझंच. 'गाल आहेत, घोडा आहे, रडणारी पणजी आहे. तिन्ही एकाच घरात. बक्षीस द्या.'"

"वाच वाच," ओलीता म्हणाली. तिला आठवत नव्हतं, पण चिठ्ठी ऐकून तिला स्वतःचंच हसू आलं.

ट्रूडीनं घसा साफ केला. नेब्रास्काहून कुणी कॅरोलिन, साल १९८९. माझी पणजी चेरोकी राजकन्या होती. मिसूरीच्या एका शेतकऱ्यानं तिला नदीकाठी पाहिलं. ती घोड्यावर होती. लग्न झाल्यावर ती रोज संध्याकाळी दक्षिणेकडं तोंड करून रडायची. गालाची हाडं आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पान संपलं. ट्रूडीनं सवयीनं उलटलं आणि त्याच नाटकी आवाजात पुढं वाचायला लागली.

"'आता खरं लिहिते. हे लिहायचा धीर होईना म्हणून पान भरेपर्यंत थांबले. वरचं सगळं मला आईनं सांगितलेलं. आई गेल्या वर्षी वारली आणि तिच्या कपाटात एक कागद सापडला. मी त्यांची नाही. १९५८च्या ऑक्टोबरात मला ओक्लाहोमातून आणलं, मी नऊ दिवसांची होते.'"

ट्रूडीचा आवाज उतरला. ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण माणूस वाचायला लागला की डोळे पुढं जातात आणि तोंड त्यांच्या मागं जातं.

"'मला वाटतं ती पणजी आईनं माझ्यासाठी रचली. माझे केस असे का, असं शाळेत कुणी विचारलं तर मला काहीतरी सांगता यावं म्हणून. माझ्यासोबत एक छोटी टोपली आली होती, मुठीएवढी. तिचा काठ कुणी पुरा केलेला नाही. इथल्या एक टोपल्या विणणाऱ्या बाई म्हणाल्या की वीण उलटी फिरते, विणणारी डावखुरी असावी. तुमच्याकडं अशी कुणी डावखुरी बाई माहीत आहे का? माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. ती आहे एवढं कळलं तरी पुरे.'"

वरच्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं, ते अजून हसऱ्या चेहऱ्यानं इकडंतिकडं बघत होते. ओलीता उठली आणि ट्रूडीच्या हातातून पत्र घेतलं. दुसरं पान स्वच्छ होतं. पहिल्या पानावर तिचा शिक्का होता, तारीख होती, 'उत्तर पाठवलं' असा शेरा होता. दुसऱ्या पानावर बोटाचा डागसुद्धा नव्हता. डोक्यावरचा मुकुट काढायचंही तिला सुचलं नाही. तो ट्रूडीनं काढला.

पत्रात फोन नंबर होता. पंधरा वर्षांनी तो कशाला लागतो, असं वाटूनही तिनं तिथूनच लावला, सगळ्यांना बाहेर घालवून. तिसऱ्या घंटेला कुणी पुरुषानं उचलला.

"कॅरोलिन आहेत का?"

"कोण बोलतंय?"

"मी टालेक्वाहून बोलतेय. त्यांनी आम्हाला पत्र लिहिलं होतं. फार पूर्वी."

पलीकडं रेडिओ चालू होता, तो बंद झाला. "मी ग्लेन. तिचा नवरा. ती जाऊन सहा वर्षं झाली, बाई."

तो बोलतच राहिला, बऱ्याच दिवसांत त्याला कुणी विचारलं नसावं. साखर होती, म्हणाला, लहानपणापासून नाही, पस्तिशीनंतर एकदम. पाय काढावा लागला, मग मूत्रपिंडं. "डॉक्टर दर वेळी विचारायचे, घरात कुणाला साखर आहे का? ती म्हणायची, घर सापडलं की सांगते. चाळिशीही गाठली नाही तिनं." मुलं झाली नव्हती. मग तो म्हणाला, "त्या उत्तरावर सही होती. ओ. केचर. त्या अजून आहेत का तिथं?"

तिला नाही म्हणता आलं असतं. उद्यापासून ती तिथं नव्हतीच.

"मीच ती," ओलीता म्हणाली.

"अच्छा," ग्लेन म्हणाला. पुढचं तो अगदी सरळपणे बोलला. त्याला दुखवायचं नव्हतं, आणि तेच ओलीताला सोसेना. "तुमच्यावर राग नव्हता हं तिचा. म्हणाली, ग्लेन, त्यांच्याकडं सगळ्यांची नावं लिहिलेली असतात, त्यांनी नीट शोधलं असणार. नाही म्हणतात म्हणजे मी त्यांची नाही. त्या आठवड्यात तिनं केस कापून टाकले, तोवर लांब होते. टोपली कपाटात ठेवली. पुन्हा विषय काढला नाही."

ओलीतानं त्याला सगळं सांगितलं. नेली, झेल्मा, शनिवार सकाळ. "म्हणजे तिची आई आहे," तो म्हणाला. "आज. जिवंत आहे."

"आहे."

"देवा रे," तो म्हणाला. "टोपली पाठवतो."

त्या रात्री ओलीतानं जुन्या डायऱ्या काढल्या. पत्राला उत्तर दिलं त्या दिवशी आपल्याला काय झालं होतं हे तिला बघायचं होतं. ताप असेल, कुणी वारलं असेल, उत्सवाची गर्दी असेल, काहीतरी असेलच ना? डायरीत लिहिलं होतं: 'मंगळवार. पाऊस. टपाल चौदा. दूध आण.' चौदा पत्रं काही फार नव्हती. कारण कुठंच सापडलं नाही. पान उलटलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गाडी झेल्माच्या दारात उभी करून ती स्टिअरिंगला धरून बसली. पोर गेली एवढंच सांगावं, असं तिच्या मनात आलं. पत्राचं कशाला? कोर्टानं कळवलं म्हणावं. मरायला टेकलेल्या बाईला सगळं ऐकवून कुणाचं भलं होणार? हे सगळं शहाणपणाचं होतं, आणि त्यात ओलीताची अब्रूही झाकली जात होती. तिनं बूट काढले.

"आलं का काही?" झेल्मानं चुलीकडं तोंड करून विचारलं.

पंचवीस वर्षांच्या सवयीनं ओलीताच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं.

"आलं होतं, ताई," ती म्हणाली. "पंधरा वर्षांपूर्वी."

झेल्मा वळली. हातातला डाव तिनं खाली ठेवला नाही, त्यातून उसळ जमिनीवर ठिबकत होती. ओलीतानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, राजकन्या, पणजी, टोपली, ग्लेन. पोर गेली हे सांगितलं तेव्हा झेल्मानं खुर्ची चाचपली आणि ती बसली. मुलगी कशानं गेली हे ऐकल्यावर तिनं आपल्या दंडावरच्या सुयांच्या खुणांकडं पाहिलं.

"तू वाचलं नाहीस," झेल्मा म्हणाली.

"पहिलं पान वाचलं."

"मग?"

"मग हसले, ताई."

चुलीवर उसळ लागली, वास सुटला, दोघींपैकी एकीनंही उठून भांडं उतरवलं नाही.

"आणि लिहिलंस काय तिला?"

ओलीताला ते पाठ होतं. हजारो वेळा पाकिटात घातलेलं. "आपण कळवलेल्या नावांची नोंद आमच्या यादीत आढळली नाही. आपल्या शोधाला शुभेच्छा."

"शुभेच्छा दिल्यास," झेल्मा म्हणाली.

ओलीता रडायला लागली तेव्हा झेल्मानं तिला जवळ घेतलं नाही, पण बाहेरही काढलं नाही. तिनं भांडं उतरवलं, करपलेलं खरवडून टाकलं आणि वरची उसळ दोन ताटल्यांत वाढली. दोघींनी खाल्लं नाही. झेल्मा मध्येच म्हणाली, "ती रागावली असती तर बरं झालं असतं." आमच्याकडं कूळ आईकडून येतं. झेल्माचं पक्षीकूळ, नेलीचंही तेच, नेलीला मुलगी झाली असती तर तिचंही. ओलीताला दोन मुलगेच, त्यांच्या पोरांची कुळं त्यांच्या आयांची. जिला आम्ही तू आमची नाहीस असं लिहून कळवलं, ती एकटीच ते कूळ पुढं नेऊ शकली असती.

टोपली तीन आठवड्यांनी आली, बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. सोबत एक फोटो होता. लांब केसांची बाई घराच्या पायरीवर बसली होती आणि उन्हामुळं एक डोळा मिटून बघत होती. झेल्माही उन्हात तसाच एक डोळा मिटते. फोटो तिनं बघून उशीखाली ठेवला. टोपली तळहातावर घेऊन फिरवली. सोळा काड्या वर उभ्या होत्या, शेहेचाळीस वर्षांच्या.

"कोमट पाणी आण," ती म्हणाली.

टोपली तिनं शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार भिजत ठेवली. शनिवारी यंत्रावरून आल्यावर तिनं पाणी बदलल्याचं शेजारणीनं ओलीताला सांगितलं. रविवारी ओलीता गेली तेव्हा झेल्मा खिडकीपाशी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. बोटं सुजलेली, पण सवय गेलेली नव्हती. तिनं डाव्या हातानं पहिली काडी हळूच वाकवली, शेजारच्या काडीमागून घ्यायला. काडी मोडली. दुसरी तिनं ओल्या फडक्यात धरून वाकवली. तीही मोडली. तिसरीला तिनं नुसता हात लावला आणि तिथंच थांबली.

"राहू दे," झेल्मा म्हणाली. "वाळलीय पार."

मोडलेले दोन तुकडे तिनं टोपलीतच टाकले आणि टोपली खिडकीत ठेवली.

ओलीता अजून शुक्रवारी जाते. आता कामावर नसते म्हणून दुपारीच जाते, पाणी भरते, औषधं मांडून ठेवते. झेल्मा तिच्याशी वाकडं वागत नाही. यंत्रावरच्या नर्सची नक्कल करते, शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या देते, भाकरी कडक झाली तर ओलीताला बोल लावते. ओलीता दारात बूट काढते तेव्हा झेल्मा चुलीपाशी पाठमोरी उभी असते. ओलीता जरा थांबते. उसळ रटरटत असते.

"बस," झेल्मा म्हणते. "गरम आहे तोवर खा."